बाईंचा आवाज बसला तेव्हा

शाळेतली मुलं इंग्रजीच्या बाईंना पाठीमागे ‘रेडिओ’ म्हणत आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. उलट मनातून बरंच वाटायचं. शिकवायला लागून अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि आवाज अजून खणखणीत नाण्यासारखा. दुसऱ्या मजल्यावर नववीच्या वर्गात त्या धडा वाचायला लागल्या की खाली सायकल स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू जाई. वाचायच्या त्या, अर्थ सांगायच्या त्या, प्रश्न विचारायच्या त्या, आणि उत्तराला जरा उशीर झाला की उत्तर देऊनही त्याच मोकळ्या होत.

आपला वर्ग जिवंत आहे, असं त्यांना मनापासून वाटे. प्रश्न विचारला की हात वर होतात, अजून काय हवं? कोणी चुकलं तर त्या तिथल्या तिथे पकडत. “ही गो नाही, ही गोज. पुन्हा म्हण.” चूक म्हणजे तण, दिसलं की मुळासकट उपटायचं, असा त्यांचा खाक्या.

सहामाही परीक्षेनंतरच्या एका सोमवारी त्या वर्गात शिरल्या, ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला तोंड उघडलं आणि आतून गंजलेलं बिजागर करकरावं तसा आवाज आला. मुलं हसली. बाईही हसल्या. दुसऱ्या तासाला करकरही बंद झाली.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून तपासलं. “स्वरतंतूंवर गाठी आल्यात. लहान आहेत, घाबरायचं काही नाही. पण सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही.”

“आणि कुजबुजलं तर?” बाई कुजबुजल्या.

“ते तर बोलण्याहून वाईट. आत्ता केलंत ते शेवटचं.”

बाईंचे यजमान सोबत होते. त्यांचं पुस्तक बांधणीचं दुकान होतं, माणूस तसा अबोल. पण घरी येताना त्यांनाही राहवलं नाही. “म्हणजे तीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण होणार म्हणा ना!” बाईंनी नुसते डोळे वटारले. दुसरं करणार काय?

हेडसरांनी रजा घ्यायला सांगितलं. बाईंनी सोबत आणलेल्या पाटीवर लिहून दाखवलं: ‘रजा नको. दोन महिन्यांनी तोंडी परीक्षा आहे. माझ्या जागी तुम्ही चित्रकलेच्या बाईंना पाठवाल.’

हेडसर ओशाळून हसले, कारण त्यांच्या मनात नेमकं तेच होतं. “पण बाई, न बोलता इंग्रजी शिकवणार कसं?”

बाईंनी लिहिलं: ‘बघते.’

पहिल्या दिवशी त्यांनी धड्यावरचे पाच प्रश्न फळ्यावर लिहिले आणि हातानेच ‘सांगा’ अशी खूण केली. तीन हात वर झाले. पहिला हात पहिल्या बाकावरच्या मुलीचा. तिला सगळा वर्ग ‘उत्तरपत्रिका’ म्हणायचा. उरलेले दोन हात तिच्या दोन्ही बाजूंच्या मुलींचे. बाईंनी मान हलवली, दुसऱ्या कोणाकडे तरी बोट केलं. तो मुलगा उभा राहिला, पुस्तकात बघितलं, छताकडे बघितलं, बसला. एरवी अशा वेळी बाईंनीच उत्तर सांगून गाडी पुढे रेटली असती. आता रेटायचं कशाने? पाच प्रश्न संपले आणि तासाची पंचवीस मिनिटं शिल्लक राहिली. मुलं बाईंकडे बघत होती, बाई मुलांकडे. खिडकीशी बसणारा एक उंच मुलगा बाहेर बघत होता, पण तो कायमच बाहेर बघायचा. त्याला खिडकीवालाच म्हणत.

बोलता येत नाही म्हटल्यावर हाताला काही काम हवं, म्हणून बाईंनी आलेखाच्या कागदावर वर्गाची बैठक काढली. शेहेचाळीस मुलं, शेहेचाळीस चौकटी. जो इंग्रजीत एक वाक्य बोलेल त्याच्या चौकटीत एक ठिपका द्यायचा. आठवडाभर त्यांनी ठिपके दिले आणि शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तो कागद समोर धरला. उत्तरपत्रिकेच्या चौकटीत एकोणीस ठिपके होते. शेजारच्या दोघींच्या चौकटीत अकरा आणि आठ. बारा जणांना एखाददुसरा. आणि एकतीस चौकटी कोऱ्या.

बाईंनी पुन्हा मोजलं. एकतीसच. यातली बहुतेक मुलं सातवीपासून त्यांच्याच हाताखाली होती. भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावर एक बारीक मुलगी बसायची, मैत्रिणी तिला ‘गुपचूप’ म्हणत. तिच्या चौकटीकडे बघताना बाईंना आठवेना की या पोरीचा इंग्रजीतला आवाज आपण कधी ऐकलाय का. वही स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं, व्याकरणात दहापैकी नऊ. पण आवाज? जिवंत वर्ग, जिवंत वर्ग म्हणत होतो तो तीन मुलींचा होता, आणि चौथ्या आपण. बाई त्या दिवशी घरी आल्या त्या पडलेल्या तोंडाने.

घरी मात्र वेगळंच काही घडत होतं. संध्याकाळी चहा घेताना बाई गप्प, यजमानही गप्प. पण ही शांतता जरा लांबली की यजमान घसा साफ करत आणि हळूच काहीतरी सांगायला लागत. एकदा म्हणाले, “आज एक प्रबंध आला बांधायला. मुंग्यांवरचा.”

बाईंनी भुवया उंचावल्या.

“मी वाचतो ना सगळे. माहीत नाही तुला? बांधायच्या आधी एक रात्र घरी आणतो. तो लिहिणाऱ्या पोरीने चार वर्षं एकाच वारुळापाशी बसून काढली. मुंग्या मेलेल्या मुंगीला उचलून नेतात, म्हणे, आणि ठरावीक जागीच ठेवतात.” मग ते तब्बल अर्धा तास मुंग्यांबद्दल बोलले.

बाई ऐकत राहिल्या. इतक्या वर्षांत हा माणूस प्रबंध वाचतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी पाटीवर लिहिलं: ‘आधी का नाही सांगितलंत?’

यजमान खांदे उडवत म्हणाले, “अगं, मला सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर तुझं सुरू झालेलं असतं.” टोमणा नव्हता त्यात. सहज म्हणाले ते. पण बाईंना रात्रभर तेच आठवत राहिलं: सुरू व्हायला वेळ लागतो.

सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘घरात तुम्हाला सगळ्यात जास्त कोण त्रास देतं? शेजाऱ्याला सांगा. इंग्रजीत. हात वर करायचा नाही. उभं राहायचं नाही.’ आणि खुर्ची ओढून चक्क मागच्या बाकाशेजारी जाऊन बसल्या. मुलांना कळेना तोंड कुठे करावं. एक मिनिट गेलं. मिनिट एवढं लांब असतं हे बाईंना अठ्ठावीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. हात शिवशिवत होते, उठून फळ्यावर दोन शब्द लिहावेत, जरा मदत करावी. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

दुसऱ्या मिनिटाला कुठेतरी कुजबुज झाली. मराठीतच. मग एक इंग्रजी शब्द आला, मग अर्धं वाक्य. भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावर गुपचूप शेजारणीला हळू आवाजात सांगत होती, पण नेमकी तेव्हाच बाकीची कुजबुज थांबली आणि तिचं वाक्य सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.

“माय ग्रँडमदर ईट्स माय हेड.”

बाईंचं तोंड आपोआप उघडलं. दुरुस्ती अगदी जिभेच्या टोकावर आली होती: असं इंग्रजीत म्हणत नाहीत. पण घशात आवाज होताच कुठे?

आणि खिडकीवाल्याने खिडकीतून मान आत वळवली. “विथ सॉल्ट?” त्याने विचारलं.

वर्ग फुटला. गुपचूपचे कान लाल झाले, ती आता रडते की काय असं बाईंना वाटलं. पण ती वळली आणि खिडकीवाल्याकडे बघून ठसक्यात म्हणाली, “नो. विथ टी. एव्हरी मॉर्निंग.”

मग कोणाचाच कोणाला धरबंध राहिला नाही. कोणाचा काका ‘स्लीप्स लाइक ट्रक’ निघाला, कोणाची ताई ‘सिट्स इन बाथरूम वन अवर टेन मिनिट’. कोणी विचारलं, व्हाय टेन मिनिट? तर उत्तर आलं, फॉर सिंगिंग. वाक्यं लंगडत होती, काळ कुठले कुठे जात होते, पण थांबायला कोणी तयार नव्हतं. बाई मागच्या बाकाशी बसून आवाज न काढता हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ठिपके द्यायला पेन्सिल पुरेना.

दार उघडलं आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर आत डोकावले. फळ्यापाशी कोणी दिसेना, म्हणून रागावून म्हणाले, “काय बाजार मांडलाय? बाई कुठे आहेत तुमच्या?” मग मागे बसलेल्या बाई दिसल्या. बाईंनी पाटी उंच धरली: ‘माफ करा. बोलताहेत.’ सरांनी पाटी वाचली, वर्गाकडे बघितलं, आणि काहीतरी पुटपुटत दार लावून गेले.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. चुका ऐकून बाईंचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी त्यांनी एक वही केली. ऐकलेली चूक उतरवून घ्यायची, कोणाची ते लिहायचं नाही. शुक्रवारी त्यातल्या दहा चुका फळ्यावर मांडायच्या आणि जोड्याजोड्यांनी मुलांनीच त्या सोडवायच्या. आपली चूक फळ्यावर दिसली की मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत. पुढे पुढे तर एखाद्याची चूक सलग दोन शुक्रवार आली नाही की तो रुसायचा.

तक्रार आली ती भलतीकडूनच. एका मधल्या सुट्टीत उत्तरपत्रिका शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली, डोळे भरलेले. “बाई, ते सगळे चुकीचं बोलतात आणि तुम्ही काहीच म्हणत नाही. मी बरोबर बोलते तर माझं कोणी ऐकतच नाही.”

बाईंनी तिला शेजारी बसवलं आणि लिहिलं: ‘काल संध्याकाळी काय केलंस ते इंग्रजीत सांग.’

मुलगी गोंधळली. “म्हणजे कुठल्या धड्यावर?”

‘धड्यावर नाही. तुझी संध्याकाळ.’

“लिहून पाठ करून आणू का उद्या?” मुलीने विचारलं, आणि विचारल्यावर तिची तिलाच जाणीव झाली असावी, कारण ती खाली बघू लागली. बाईंच्या लक्षात आलं: बोलणारी म्हणून जिला एकोणीस ठिपके दिले तीसुद्धा बोलत नव्हती. पाठ म्हणत होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लिहिलं: ‘पाठ नको. चुकलीस तर शुक्रवारी तुझी चूक फळ्यावर. मान आहे तो.’ मुलगी रडता रडता हसली. “येस्टरडे आय... आय फाइट विथ माय मदर,” ती म्हणाली. “फॉर नथिंग.” बाईंनी वही उघडून ते वाक्य उतरवून घेतलं, तिच्यासमोरच.

सहा आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली आणि खूश झाल्या. “गाठी विरल्यात. पण एकदम सुटू नका. आधी दिवसाला पंधरा मिनिटं, मोजून.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात “गुड मॉर्निंग” म्हटलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. आवाज जरा खरखरीत होता, पण होता आपलाच. बाईंना लहान मुलासारखा आनंद झाला. त्या दिवशीचा विषय होता ‘मी हरवलो होतो तेव्हा’. खिडकीवाला सांगत होता, लहानपणी तो बसस्थानकावर कसा हरवला. “आय वॉज क्राय, अँड वन पोलीस केम, अँड ही आस्क मी...”

“आस्क्ड!” बाई म्हणाल्या. “आय वॉज क्राइंग. ही आस्क्ड.”

खिडकीवाला थांबला. “ही आस्क्ड,” तो म्हणाला. मग पुढचं वाक्य शोधू लागला, ते काही सापडेना. “फॉरगॉट, बाई,” म्हणाला आणि बसला. नजर परत खिडकीबाहेर. वर्गात एकदम शांतता पसरली, पहिल्या आठवड्यातल्यासारखी.

बाईंनी मनातल्या मनात स्वतःला चांगली शिवी दिली. पोलीस पोराला काय विचारणार होता ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

त्या खुर्चीवर बसल्या. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “माझी अजून बारा मिनिटं शिल्लक आहेत,” त्या म्हणाल्या, “ती मी एका गोष्टीवर खर्च करते.” आणि हळू आवाजात, साध्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं. त्या बारा वर्षांच्या असताना त्यांच्या मास्तरांनी त्यांना धडा वाचायला उभं केलं होतं. धड्यात बेट होतं, आणि आयलंड या शब्दात मधे एक एस असतो. त्यांनी लिहिलंय तसं वाचलं, ‘इस्लंड’. वर्ग हसला. मास्तरांनी तो शब्द तीनदा पुन्हा म्हणायला लावला आणि तिन्ही वेळा वर्ग हसला. पुढे दोन वर्षं मैदानावर त्यांना त्याच नावाने हाका यायच्या. त्यांनी शब्दकोश पाठ केला. पुन्हा कधीही चुकायचं नाही असं ठरवलं. आणि पुढची सहा वर्षं शाळा-कॉलेजात इंग्रजीत तोंड म्हणून उघडलं नाही.

“आणि मग मी शिक्षिका झाले,” त्या म्हणाल्या, “आणि मास्तरांनी केलं तेच करत बसले. सॉरी.”

शिक्षकाने सॉरी म्हटल्यावर काय करायचं असतं हे मुलांना कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी गुपचूप म्हणाली, “बाई, बट व्हाय एस इज देअर? इफ नोबडी से इट?”

“आय डोन्ट नो,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी या वर्गात कधीच उच्चारलं नव्हतं. मुलांना ते फार आवडलं. एस तिथे का असावा याचे चार-पाच अंदाज लगेच निघाले, त्यातला एकही बरोबर नव्हता. त्या गदारोळातच खिडकीवाला वळला आणि म्हणाला, “पोलीस आस्क मी, व्हॉट इज युवर फादर नेम. आय सेड, पप्पा.” तेव्हा वर्ग पोट धरधरून हसला, आणि तो स्वतः सगळ्यात जास्त.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या शाळेतून एक कडक इस्त्रीचे परीक्षक आले. प्रत्येक मुलाला चार मिनिटं द्यायची होती. बाई बाहेर व्हरांड्यात घड्याळ बघत फेऱ्या घालत होत्या. गुपचूप आत गेली आणि चार मिनिटं झाली, सहा झाली, नऊ झाली. आता हिला परीक्षकांनी धरून ठेवलं की काय? ती बाहेर आली तेव्हा बाईंनी तिला गाठलंच. “काय गं, काय विचारत होते एवढं?”

“त्यांनी विचारलं घरी कोण कोण आहे. मी आजीचं सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या आजीचं सांगितलं. तीही तशीच होती, बाई!”

निकाल काही आभाळाला भिडला नाही. खिडकीवाल्याला वीसपैकी नऊ मिळाले, पण मागच्या वर्षीचे चार होते, म्हणून तो पेढे वाटायच्या तयारीत होता. उत्तरपत्रिका पहिली आली नाही, दुसरी आली, आणि तिने ते बरंच मनावर घेतलं, निदान दोन दिवस. बाईंच्या आलेखाच्या कागदावर दोन चौकटी शेवटपर्यंत कोऱ्या राहिल्या. बाईंनी त्या दोघांना ओढून ताणून उभं केलं नाही. त्यातली एक मुलगी अलीकडे विनोदाला नेमक्या जागी हसायला लागली होती, म्हणजे कान जागे होते. तोंड उघडेल तेव्हा उघडेल.

सत्र संपताना हेडसरांना हुरूप आला. “बाई, सगळ्या शिक्षकांपुढे तुमचं एक भाषण ठेवू या. ‘विद्यार्थ्यांना बोलतं कसं करावं’. तासभर बोला.”

बाई हसल्या. “तासभर? डॉक्टरीणबाई मारतील मला.”

शनिवारी शिक्षकांच्या खोलीत बारा जण जमले. बाई चार मिनिटं बोलल्या आणि मग म्हणाल्या, “आता दोघादोघांनी बसा. घरात तुम्हाला कोण त्रास देतं ते शेजाऱ्याला सांगा. इंग्रजीत.”

बारा जणांनी एकमेकांकडे बघितलं. कोणाला चष्मा पुसायची आठवण झाली, कोणी बुटाची लेस बांधायला वाकलं. हेडसरांनी अचानक भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला घेतलं. बाई खुर्चीत निवांत टेकून बसल्या. त्यांना मुळीच घाई नव्हती.

बऱ्याच वेळाने गणिताच्या सरांनी घसा खाकरला. “माय सन,” ते म्हणाले, आणि कपाळाला आठ्या घालून पुढचा शब्द शोधू लागले. चित्रकलेच्या बाई त्यांच्याकडे वळून बसल्या आणि थांबल्या. “माय सन इज अल्सो वीक इन मॅथ्स,” सर शेवटी म्हणाले. “नोबडी नोज.”

“नाऊ वी नो,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, आणि सगळ्यात आधी सर स्वतःच हसले.